नाकापासून सुरुवात: चौदा रेघांचं एक चिनी अक्षर कसं शिकावं

चिनी लिपी शिकायला बसलं की चेहऱ्याचे भाग लवकरच समोर येतात. तोंड म्हणजे रिकामा चौकोन, तीन रेघांत संपतं. डोळा म्हणजे आत दोन आडव्या रेघा असलेली उभी पेटी, पाच रेघा. कानाला सहा. मग नाक येतं आणि आकडा एकदम चौदावर जातो. इथे बरेच जण वही मिटतात, किंवा अक्षराचं 'चित्र' पाहून जमेल तसं गिरवतात आणि दोन दिवसांत विसरतात.

माझं मत असं की नाकाचं अक्षर पुढे ढकलू नये, उलट मुद्दाम लवकर घ्यावं. ते दिसायला गच्च आहे, पण त्याचे भाग इतर अक्षरांतही पुन्हा पुन्हा भेटतात. चिनी अक्षर कसं रचलेलं असतं, त्यात अर्थ कुठे आणि उच्चाराची खूण कुठे, चौकोन कसा बंद करायचा, जागा कशी वाटायची, हे सगळं या एकाच अक्षरात हाती लागतं.

या लेखात ते अक्षर कुठेही छापलेलं नाही, आणि ते मुद्दाम. समोर नमुना असला की डोळा नक्कल करतो आणि डोकं सुट्टी घेतं. खालच्या सूचना वाचत स्वतः काढा आणि शेवटी फोनवर ताडून बघा. शब्दांवरून काढलेलं अक्षर जुळलं, तर ते तुम्हाला आलं असं समजा.

वही आणि पेन्सिल

शाळेतली गणिताची चौकटीची वही घ्या. दोन आडव्या आणि दोन उभ्या अशा चार चौकटी मिळून एक मोठा चौकोन धरा. त्याच्या मध्यातून एक उभी आणि एक आडवी रेघ आपोआप जाते, आणि अक्षर कुठे कललं ते लगेच कळतं. चीनमधली मुलंही अशाच कागदावर गिरवतात. त्या कागदाला ती 'थ्येन-च-क' म्हणतात, म्हणजे 'शेत' या अक्षरासारखी चौकट. हे 'शेत' अक्षर आपल्याला थोड्या वेळात लागणारच आहे.

पेन्सिल मऊ टोकाची असावी. ब्रश आणि शाई सुरुवातीला नको. ब्रश धरायचा कसा यातच सगळं लक्ष जातं आणि रेघांचा क्रम बाजूला राहतो.

चारच प्रकारच्या रेघा

चौदा हा आकडा घाबरवतो, पण रेघांचे प्रकार चारच आहेत. आडवी रेघ, 'हंग', डावीकडून उजवीकडे जाते आणि किंचित चढती असली तरी चालते. असल्या सहा. उभी रेघ, 'शू', वरून खाली, अशा चार. डावीकडे उतरती तिरपी, 'फ्ये', वरून सुरू होऊन डाव्या खालच्या बाजूला निमुळती होत जाते, अशा दोन. आणि वळती, 'हंग-च', जी आडवी जाऊन कोपऱ्यात पेन न उचलता सरळ खाली वळते, अशाही दोन. सहा, चार, दोन, दोन. हिशेब जुळला.

मराठी हाताच्या दोन सवयी इथे आड येतात. आपण शब्द लिहून होतो आणि मग वर शिरोरेघ ओढतो. चिनीत वरचं आधी, खालचं नंतर, याला फार थोडे अपवाद. दुसरी सवय गोलाईची. चौकोन काढायचा म्हटलं की हात एकाच फटक्यात चारी बाजू फिरवून आणतो. चिनी चौकोन तीन रेघांचा असतो: आधी डावी बाजू उभी, मग वरची आणि उजवी बाजू मिळून एक वळती रेघ, आणि तळ अगदी शेवटी. चौकोनात काही असेल तर ते तळाच्या आधी भरायचं. चिनी शिक्षक मुलांना सांगतात की आधी आत जा, मग दार लावा. हा नियम आज पक्का केला तर पुढे शेकडो अक्षरं सोपी जातील.

वरचा मजला: सहा रेघा

हे अक्षर तीन मजली आहे. मोठ्या चौकोनाचा वरचा साधारण दोन-पंचमांश भाग वरच्या मजल्याला द्या. रुंदीने तो अरुंद ठेवा, मधल्या उभ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखाच.

पहिली रेघ: माथ्यावर मध्यभागी एक अगदी छोटी, डावीकडे उतरती तिरपी. ती खालच्या पेटीच्या वरच्या कडेला येऊन टेकते.

दुसरी: पेटीची डावी बाजू, उभी.

तिसरी: पेटीची वरची बाजू आणि तिथूनच वळून उजवी बाजू. शेवटी आकडा नाही, रेघ सरळ थांबते.

चौथी आणि पाचवी: आत दोन आडव्या रेघा, सारख्या अंतरावर.

सहावी: तळ. दार लागलं.

आता तुमच्यासमोर जे आहे ते स्वतःच एक पूर्ण अक्षर आहे. उच्चार 'च', तो 'चाक'मधला, वरून खाली पडणाऱ्या चौथ्या स्वरात (इथे स्वर म्हणजे आवाजाचा चढउतार; तो बदलला की चिनीत अर्थही बदलतो). आजचा अर्थ 'स्वतः'. आणि गंमत म्हणजे मुळात हेच नाकाचं चित्र होतं. हनान प्रांतातल्या आन्यांगजवळ सापडलेल्या शांग काळातल्या हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर, म्हणजे तीन हजार वर्षांहून जुन्या लेखांत, हे चिन्ह समोरून दिसणाऱ्या नाकासारखं कोरलेलं आहे. १८९९ साली वांग यी-रोंग या विद्वानाने ती हाडं म्हणजे जुनं लेखन आहे हे ओळखलं, आणि तेव्हापासून अशा अक्षरांची कुळकथा नीट उलगडू लागली.

नाकाचं चित्र 'स्वतः' कसं झालं? चीन आणि जपानमध्ये माणूस 'मी?' असं विचारताना बोट छातीकडे न नेता नाकाकडे नेतो. अर्थ तसाच सरकला असावा, असं सर्वसाधारण स्पष्टीकरण आहे. कारण काही असो, एकदा ते अक्षर 'स्वतः'साठी रुळलं तेव्हा खऱ्या नाकासाठी नवं अक्षर हवं झालं. मग लेखनिकांनी जुन्या नाकाखाली उच्चार सुचवणारा एक तुकडा जोडला. आपले खालचे दोन मजले म्हणजे तो तुकडा.

पुढे जाण्याआधी एक सावधगिरी. पेटीत दोन रेघा आहेत का ते मोजा. एकच घातली तर ते 'पांढरा' होतं. दोन घातल्या पण माथ्यावरची तिरपी राहिली तर 'डोळा' होतो. चेहऱ्यावर नाकाच्या जागी डोळा नको.

मधला मजला: पाच रेघा

हे 'शेत'. चार वाफे असलेला चौकोन. एकटं लिहिताना ते जवळजवळ समचौकोनी असतं, इथे मात्र चपटं आणि वरच्या पेटीपेक्षा थोडं रुंद करा.

सातवी रेघ: डावी बाजू, छोटी, खाली येताना किंचित आत कललेली.

आठवी: वरची आणि उजवी बाजू, वळती.

नववी: आतली आडवी.

दहावी: आतली उभी, वरच्या कडेपासून तळाच्या जागेपर्यंत.

अकरावी: तळ.

दहावी रेघ चौकोनाबाहेर जाता कामा नये. स्वतंत्र लिहिलेल्या 'शेता'त ती वर निघाली तर वेगळं अक्षर होतं, खाली निघाली तर आणखी वेगळं, आणि दोन्हीकडे निघाली तर चौथंच. चिनी शिकणाऱ्याच्या चुका बहुधा अशाच, मिलिमीटरच्या असतात.

तळमजला: तीन रेघा

बारावी रेघ: लांब आडवी, संपूर्ण अक्षरातली सर्वांत रुंद. दोन्ही बाजूंना शेताच्या बाहेर चांगली निघू द्या. तिच्यावरच सगळा भार तोललेला दिसतो.

तेरावी: तिच्या डाव्या भागातून खाली उतरणारी, डावीकडे कललेली तिरपी.

चौदावी: उजव्या भागातून सरळ खाली येणारी उभी.

दोन्ही पाय आखूड. दोघांमध्ये मोकळी जागा हवी, आणि चौदावी रेघ तेरावीपेक्षा थोडी खाली गेली तर छान दिसतं.

शेत आणि हे पाय मिळून एक जुनं अक्षर होतं, 'पी', चौथ्या स्वरात, अर्थ 'देणे'. आजच्या बोलण्यात ते जवळजवळ नाही, पण नाकाखाली बसून उच्चाराची खूण करण्याचं काम दोन हजारांहून अधिक वर्षं करत आहे. इ.स. १००च्या सुमारास श्वू शन याने रचलेल्या 'श्वो-वन' या कोशात नाकाची फोड अशी केली आहे: श्वास आत ओढून स्वतःला देतं ते. वरचं 'स्वतः', खालचं 'देणे'. आजचे लिपीतज्ज्ञ खालच्या भागाला मुख्यतः उच्चाराची खूण मानतात, पण पाठ करायला श्वू शनची फोड इतकी सोयीची आहे की मी ती सोडणार नाही.

जागेची वाटणी

पहिला प्रयत्न बहुधा असा होतो: वरची पेटी ऐसपैस, शेत मध्यम, आणि पायांना जागाच नाही, म्हणून ते खालच्या चौकटीत उतरतात. म्हणून आधी चौकोनात तीन फिकट खुणा करा. वरून दोन-पंचमांश पहिल्या मजल्याला. उरलेल्या जागेपैकी निम्म्याहून थोडी जास्त शेताला, बाकीची पायांना. रुंदीचा क्रम लक्षात ठेवा: वर अरुंद, मध्ये जरा रुंद, बारावी रेघ सर्वांत रुंद. वरपासून खालपर्यंत सगळे मजले सारख्याच रुंदीचे झाले तर अक्षर बरोबर असूनही परकं वाटतं.

आडव्या रेघांमधलं अंतरही सारखं हवं. वरून खाली मोजलं तर पेटीची वरची कड, आतल्या दोन, तळ, शेताची वरची कड, आतली एक, तळ, आणि बारावी, अशा आठ आडव्या रेषा एकाखाली एक येतात. एक जरी दाट किंवा विरळ झाली तरी लगेच डोळ्यात खुपते. इथे घाई करू नका. पहिल्या बैठकीत मोठ्या आकाराची पाच-सहा अक्षरं पुरेत, पण प्रत्येक काढल्यावर थांबून मागचं तपासा. पानभर बेफिकीर गिरवण्यापेक्षा हे बरं, कारण त्या गिरवण्यात हात चुकीचीच सवय पाठ करतो.

आता फोन काढा

फोनच्या सेटिंगमध्ये सोप्या चिनी लिपीचा पिनयिन कळफलक जोडा. पिनयिन म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत, चीनने १९५८ साली स्वीकारलेली. त्यावर रोमन बी आणि आय दाबले तर एकाच उच्चाराची डझनावारी अक्षरं समोर येतील. म्हणून पूर्ण शब्द टाइप करा: बी, आय, झेड, आय. पहिल्याच पर्यायात दोन अक्षरांचा शब्द दिसेल. त्यातलं पहिलं, गच्च दिसणारं, तुमचं नाक. मोठं करून पाहा आणि वहीशी ताडा.

बोटाने काढून अक्षर ओळखवणारा कळफलकही मिळतो. तो वापरा, पण परीक्षक म्हणून नको. हल्लीचे कळफलक क्रम चुकला, रेघ राहिली तरी अंदाजाने बरोबर अक्षर पुढे करतात, आणि आपल्याला वाटतं की जमलं.

उच्चार: मराठीचा फायदा

पिनयिनमध्ये नाक रोमन बीने सुरू होतं, आणि इथेच इंग्रजीतून शिकणारे फसतात. हा आपला 'ब' नाही, 'प' आहे. पिनयिनचा बी म्हणजे प, आणि पिनयिनचा पी म्हणजे फ, तोही 'फळ' आणि 'फूल'मधला, ओठ मिटून हवा सोडलेला. 'फॅन' आणि 'फाइल'मधला नव्हे. तसंच डी म्हणजे त, टी म्हणजे थ, जी म्हणजे क, के म्हणजे ख. हा अल्पप्राण-महाप्राण भेद आपल्याला बालवाडीपासून येतो, इंग्रजी बोलणाऱ्याला त्यासाठी महिनोन्‌महिने झगडावं लागतं. म्हणून रोमन अक्षरांवर विश्वास न ठेवता वहीत देवनागरीत लिहून ठेवलेलं उत्तम.

तेव्हा नाक म्हणजे 'पी', दुसऱ्या स्वरात. दुसरा स्वर मध्यातून वर चढतो. भाषाशास्त्रज्ञ च्याओ युआन-रन याच्या पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर तिसऱ्या पायरीपासून पाचवीपर्यंत. कोणी अविश्वसनीय काही सांगितलं की आपण 'काय?' म्हणताना आवाज जसा वर नेतो, तसा. हाच स्वर ठेवून 'फी' म्हटलं, फळातल्या फने, तर अर्थ होतो कातडी. 'पी', 'फी', 'पी', 'फी' असं चढत्या आवाजात म्हणून पाहा. तोंडासमोर धरलेला कागदाचा कपटा दुसऱ्या वेळी हलला पाहिजे, पहिल्या वेळी नाही.

स्वर चुकला तर? तिसऱ्या स्वरात, म्हणजे खाली दबलेल्या आवाजात, 'पी' म्हणजे लेखणी. चौथ्या, झटक्यात पडणाऱ्या स्वरात 'मिटणे, बंद करणे'. आणि पहिल्या, उंच सपाट स्वरात हाच उच्चार एका शिवीतल्या शब्दाशी जाऊन मिळतो, म्हणून नाकाचा आवाज सपाट ठेवू नका, चढवाच.

बोलताना एकटं 'पी' सहसा येत नाही, 'पी-च' येतं. हा 'च' पुन्हा चाक, चूल, चोर यांतला, जीभ दातांना लावून म्हटलेला. हिंदी बोलणाऱ्याला हा ध्वनी नव्याने शिकावा लागतो, आपल्याला आयता आहे. त्यामागे पूर्ण 'अ' किंवा 'इ' नको, जीभ तिथेच ठेवून आवाज नुसता गुणगुणायचा. हा दुसरा भाग हलका आणि तुटक असतो, त्याला स्वतःचा चढउतार नाही. पटकन बोलण्यात तो 'जागा'मधल्या जकडे झुकतो.

पहिले शब्द

अक्षर हातात आणि तोंडात बसलं की त्याला लगेच कामाला लावा. नाकाचे शब्द रोजचे आहेत, विशेषतः आजारपणाचे. 'पी-थी' म्हणजे शेंबूड. 'लियोउ पी-थी', नाक गळतंय. 'पी-सअ' म्हणजे नाक चोंदणं. 'पी-खोंग' नाकपुडी. 'पी-येन' नाकाच्या आतला दाह, सर्दीची ॲलर्जी असणाऱ्यांना डॉक्टरच्या कागदावर हाच शब्द दिसेल. 'पी-यिन' म्हणजे नासिक्य ध्वनी, भाषा शिकणाऱ्याला उपयोगी. चिनी इस्पितळातल्या पाटीवर 'अर-पी-होउ-ख' दिसलं की तो कान-नाक-घसा विभाग. 'पी-येन' चढत्या 'येन'ने म्हटलं तर नाकाचा दाह, सपाट 'येन'ने म्हटलं तर तपकीर. छिंग काळात तपकिरीच्या डब्या, म्हणजे काच, जेड, पोर्सेलिनच्या चिमुकल्या बाटल्या, ही एक स्वतंत्र कलाच झाली होती. संग्रहालयात त्यांच्या नावाच्या पट्टीवर आपलं अक्षर पहिलंच असतं.

वाक्य हवं असेल तर लहान मुलांचं घ्या: 'ता-श्यांग त पी-च हन छांग', हत्तीचं नाक खूप लांब. चिनीत सोंडेला वेगळा शब्द लागत नाही, नाकच म्हणतात.

वाक्प्रचारांत दोन तरी शिकून ठेवा. काही मागायला गेलं आणि फटकारून परत पाठवलं तर चिनी माणूस म्हणतो, नाकभर धूळ खाऊन आलो: 'फंग यी पी-च हुई'. आणि सांगणाऱ्याने गोष्ट डोळ्यांसमोर उभी राहील अशी रंगवली तर 'योउ पी-च योउ येन', त्या गोष्टीला नाक आहे, डोळे आहेत. थोडी शंकाही त्यात असते, की इतकं तपशीलवार आहे म्हणजे खरंच आहे का.

'पी-चू' हा शब्द मात्र लक्षात ठेवण्यासारखा. चूल म्हणताना येतो तोच 'चू', दबलेल्या तिसऱ्या स्वरात. शब्दशः नाक-पूर्वज, अर्थ एखाद्या विद्येचा किंवा परंपरेचा आद्य प्रवर्तक. हान काळातला यांग श्युंग (इ.स.पू. ५३ ते इ.स. १८) याच्या बोलींच्या कोशात 'नाक म्हणजे आरंभ' अशी नोंद आहे. गर्भात आधी नाक तयार होतं अशी जुनी समजूत होती.

बौद्ध ग्रंथांतलं नाक

ज्यांना संस्कृत किंवा पाली थोडी येते त्यांच्यासाठी एक वेगळी वाट. ह्युएन त्संग, जो इ.स. ६४१च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथल्या लोकांच्या करारी स्वभावाबद्दल लिहून गेला, त्याने इ.स. ६४९ साली प्रज्ञापारमिता हृदयसूत्राचं चिनी भाषांतर केलं. मूळ संस्कृतात 'न चक्षुःश्रोत्रघ्राणजिह्वाकायमनांसि' आहे. चिनीत आधी 'नाही' हे एक अक्षर आणि मग ओळीने सहा: डोळा, कान, नाक, जीभ, शरीर, मन. 'येन, अर, पी, श, शन, यी'. घ्राणाच्या जागी आपलं अक्षर. संपूर्ण सूत्र २६० अक्षरांचं, आणि चीन, जपान, कोरियात आजही पाठ म्हटलं जातं. ही सहा अक्षरं एका ओळीत लिहायचा सराव करा. चेहऱ्याचे चार भाग एका दमात होतात आणि क्रम संस्कृतमुळे आधीच पाठ असतो.

बौद्ध साहित्यात हेच अक्षर नाकाशी काही संबंध नसतानाही येतं. अवीची नरकाचं चिनी नाव 'आ-पी', आणि त्यातलं 'पी' म्हणजे आपलं नाक, फक्त ध्वनीसाठी घेतलेलं. आज 'पी' असलं तरी त्या भाषांतरांच्या काळात या अक्षराचा आरंभ आपल्या 'ब'सारखा घोष होता, म्हणून 'वी'साठी ते चाललं.

जपानी शिकणाऱ्यांसाठी

पुण्यात चिनीपेक्षा जपानी शिकणारे कितीतरी जास्त, त्यामुळे हे अक्षर अनेक मराठी वाचकांना आधी कांजी, म्हणजे जपानीत वापरलं जाणारं चिनी अक्षर, म्हणून भेटेल. जपानी शाळेत ते तिसरीत येतं. वाचन 'हाना', आणि चिनीवरून आलेलं 'बी', ज्यात जुना घोष ध्वनी अजून टिकून आहे. दवाखान्याच्या पाटीवर 'जिबिका' म्हणजे कान-नाकाचा विभाग.

रेघा चौदाच, पण दोन फरक आहेत. शेत लिहिताना जपानी पद्धतीत आतली उभी रेघ आडवीच्या आधी येते, म्हणजे वरच्या यादीतली नववी आणि दहावी अदलाबदल होतात. आणि तळमजल्यावर चिनी छापात दोन्ही पाय आडव्या रेघेखालून निघतात, तर जपानी छापात ते रेघ भेदून थोडे वर डोकावतात. तुम्ही जी भाषा शिकताय तिचीच पद्धत धरा. दोन्ही शिकत असाल तर आधी एक पक्की होऊ द्या.

फूल हेही जपानीत 'हाना'च. दोघांमधला फरक एकट्या शब्दात ऐकू येत नाही. पुढे 'गा' हा प्रत्यय लागला की फुलानंतर आवाज खाली येतो, नाकानंतर तसाच वर राहतो.

नातेवाईक अक्षरं

पहिल्या आठवड्यानंतर वरच्या मजल्यापासून फांद्या काढा. नाकाची ती जुनी पेटी, खाली 'कुत्रा' ठेवला की 'छोउ', दुर्गंध. वास घेण्यात कुत्र्याची बरोबरी कोण करणार? (जपानीत त्या कुत्र्याचा एक ठिपका गळून 'मोठा' उरला आहे.) त्या दुर्गंधाच्या डावीकडे तोंड लावलं की 'श्योउ', हुंगणे. पेटीखाली 'हृदय' ठेवलं की 'शी', श्वास. विश्रांतीपासून बँकेच्या व्याजापर्यंतचे शब्द या अक्षराने बनतात.

पूर्ण चौदा रेघांचं नाक डावीकडे ठेवून उजवीकडे 'कान' असा उच्चार असलेलं तीन रेघांचं अक्षर (चेहऱ्यावरचा कान नव्हे) जोडलं तर 'हान', घोरणे. इथे अर्थ नाकाचा आणि आवाज उजवीकडचा. नाकाशेजारी सुरी ठेवली तर 'यी', नाक कापण्याची शिक्षा. प्राचीन चीनच्या पाच मोठ्या शिक्षांमध्ये ती होती. इ.स.पू. १६७ मध्ये हान सम्राट वन याने ती रद्द करून त्याऐवजी तीनशे फटके ठेवले. दयेचा हिशेब तेव्हा असा होता.

'गुन्हा' या अक्षराची हकीकत याहून रंजक. जुन्या रूपात वर नाकाची पेटी आणि खाली 'कडू' होतं. श्वू शन म्हणतो, दुःखाने नाक आक्रसलेला गुन्हेगार. पण ते रूप 'सम्राट' या अक्षरासारखं दिसे. छिनच्या राजवटीला गुन्हेगार आणि सम्राट एकसारखे दिसणं परवडणारं नव्हतं, म्हणून गुन्ह्यासाठी 'जाळ्या'खालचं दुसरंच अक्षर नेमलं गेलं. आजही तेच चालतं.

छापील कोशात शोधायचं असेल तर नाक स्वतःच एक मूळ घटक आहे, म्हणजे ज्याच्याखाली कोशात अक्षरं गोळा केलेली असतात असा भाग. १७१६ साली पूर्ण झालेल्या खांगशी कोशात २१४ मूळ घटक रेघांच्या संख्येनुसार लावले आहेत आणि नाक २०९वं आहे. त्याच्या पलीकडे दात, ड्रॅगन, कासव असली मोजकी मंडळी उरतात. म्हणजे कोश सरळ शेवटून उघडा.

उजळणी

त्याच संध्याकाळी एकदा, दुसऱ्या दिवशी एकदा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. दर वेळी आधी कोरं पान आणि आठवणीतून लिखाण, मगच ताडणी. अडलात तर अक्षर पाहू नका, आधी मजले तोंडाने म्हणा: स्वतः, शेत, दोन पाय. बहुतेक वेळा हात तिथूनच सुटतो. एक भाग सारखा चुकत असेल, आणि तो सहसा वरच्या पेटीतल्या रेघांचा आकडा असतो, तर फक्त तोच मजला वेगळा लिहा, सगळं अक्षर पुन्हा नको. एकट्या अक्षराऐवजी शब्द लिहिले तर आणखी बरं. 'पी-च', 'पी-थी', 'पी-खोंग' अशी तीन नावं लिहिली की नाक तीनदा लिहून होतं आणि शेजारची तीन अक्षरंही ओळखीची होतात.

हे सगळं जमलं आणि खुमखुमी उरली असेल तर कळफलकावर रोमन एन, ए, एन, जी टाइप करून पर्यायांच्या यादीत शेवटाकडे जा. डावीकडे आपलं नाक आणि उजवीकडे बावीस रेघांची 'थैली' असलेलं एक अक्षर सापडेल, एकूण छत्तीस रेघा. अर्थ: नाक चोंदल्यामुळे गेंगाणा झालेला आवाज. त्यातल्या चौदा रेघा तुम्हाला आता येतात.